पॉइंट थ्री

दुबईच्या मराठी मंडळात त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. नोकरी हिशेबनिसाची; पण पाकिटात अमेरिकेचं हेलिकॉप्टर लायसन्स. तेही प्रायव्हेट, म्हणजे उडवा, पण त्याचे पैसे घेऊ नका. कॅप्टनना कुणी पैसे देऊ करत होतं अशातला भाग नाही. पण दिले तरी घेता येणार नाहीत, हे त्यांना फार लागायचं. म्हणून कमर्शियलचा ध्यास.

या जातीच्या माणसाला उडण्यापेक्षा पुढच्या पायरीचं वेड जास्त. कमर्शियलला एकूण 150 तास हवेत, त्यातले किमान 50 हेलिकॉप्टरमधले. हे तास दशांशात मोजतात, सहा मिनिटं म्हणजे पॉइंट वन. हिशेबनिसाच्या हाती असं माप लागल्यावर ते विमानतळावरच कसं राहील? वहिनींना फोन जातो, "पॉइंट टूमध्ये पोचतो." मंडळाच्या चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी पॉइंट थ्रीत संपल्याची नोंद त्यांनीच घेतली. अध्यक्षांचं भाषण मात्र वन पॉइंट फोर चाललं.

हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो, अगदी गाडीच्या हँडब्रेकसारखा. तो वर ओढला की हेलिकॉप्टर वर. दुबईच्या गाड्यांत हँडब्रेक उजव्या हाताला येतो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. सांगलीला गेले की मात्र मेहुण्याची गाडी मागून घेतात आणि ती बंद करून पोर्चमध्ये बसतात. मेहुणा खिडकीतून बघतो. दांडा झटक्यात खाली म्हणजे इंजिन बंद पडल्याचा सराव. मग नुसत्या हवेवर फिरणाऱ्या पात्यांच्या जोरावर उतरायचं, जमिनीजवळ नाक वर घ्यायचं आणि शेवटी दांडा हळूच वर. इतकं करून मेहुण्याची गाडी सुखरूप जमिनीवर असते.

तास भरायला दरवर्षीची रजा कॅलिफोर्नियात. नियमात रात्रीचे पाच तास आणि दहा लँडिंगही आहेत. रजा मिळाली जूनमध्ये, तेव्हा तिथे आठ वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही, आणि मावळल्यावरही संधिप्रकाश संपेपर्यंत ती रात्र धरत नाहीत. प्रशिक्षक घड्याळ बघतोय, कॅप्टन आकाश. हेलिकॉप्टरच्या भाड्याचा आकडा वहिनींना अजून माहीत नाही. निदान कॅप्टनची तशी समजूत आहे.

खरी परीक्षा मात्र जमिनीवर झाली. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या लायसन्सधारकानं सरकारी कागद स्वीकारायला अमेरिकेत आपला एक माणूस नेमावा, असा नियम 2024 मध्ये निघाला. त्या माणसाचा पत्ता खराखुरा घराचा किंवा कचेरीचा हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. मराठी माणसाला यात अडचण कसली? भाचा एडिसनला होताच.

"मामा, म्हणजे समन्स माझ्या घरी येणार?"

"अरे, आलं तर!"

"मग माझ्या सासऱ्यांना काय सांगू?"

सासरे तेव्हा तिथेच मुक्कामाला होते आणि ते निवृत्त फौजदार. त्यांनी सगळा कागद वाचला, दोन शंका काढल्या आणि मगच जावयाला होकार देऊ दिला.

अखेर कमर्शियल झालं. प्लास्टिकचं कार्ड आलं. त्याच्यावर राईट बंधूंचं चित्र आहे, ज्यांनी हेलिकॉप्टर कधी उडवलं नाही. पण हे कॅप्टनपुढे बोलायची सोय नाही. कार्डावर इंग्रजी येत असल्याचा शिक्काही असतो. तो त्यांनी कॉन्व्हेंटमध्ये जाणाऱ्या मुलीला दोनदा दाखवला.

आता या कार्डावर दुबईत पगार घेऊन उडायचं तर इथल्या नोंदणीच्या हेलिकॉप्टरला इथलं लायसन्स हवं. कॅप्टनना हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी मंडळातल्या एकानं "मग उपयोग काय?" असं विचारलंच. कॅप्टननी त्याला गणपतीच्या वर्गणीच्या समितीतून काढलं.

सध्या त्यांचा डोळा एटीपीवर, म्हणजे त्याच्याही वरच्या लायसन्सवर आहे. त्याला 1,200 तास लागतात. चालू वेगानं ते कधी होतील याचं कोष्टक त्यांनी स्वतःच एक्सेलमध्ये मांडलं होतं. उत्तर आल्यावर फाइल बंद केली. पण काळजी वेगळीच आहे. भाच्याला कंपनी टोरांटोला पाठवते आहे. बढती आहे, पगार जास्त आहे, घर कंपनीचं. कॅप्टन रोज रात्री त्याला फोन करून कॅनडातल्या थंडीबद्दल समजावताहेत.