सिग्निफिकंट आलं का?

मेडिकल कॉलेजात एम.डी.ची पोरं दर तीन वर्षांनी बदलतात, त्यांच्या प्रबंधाचे गाइड सर तेच राहतात. त्यातला एक नमुना कुठल्याही कॉलेजात सापडतो. पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, आणि आमच्यासारखा आकडेमोड करणारा माणूस दिसला की एकच प्रश्न: "काय, सिग्निफिकंट आलं का?" सून बाळंतपणाला आत गेलीये आणि सासरे बाहेरच्या बाकावर बसलेत, अगदी त्या सुरात.

औषध कुठलं, पेशंट किती, मोजलं कशानं, हे नंतर. खरं तर कधीच नाही. पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली, म्हणजे 'सिग्निफिकंट', असली की चहा येतो. वर असली की सर आवाज खाली आणतात. "जरा बघा ना काही होतंय का. पोरगं गरीब आहे हो."

मग उपाय सुरू. "ते दोन पेशंट काढून टाका, गोळ्या नीट घेतच नव्हते." ही बातमी सरांना निकाल बघितल्यावरच लागलेली असते. "बरं, फक्त चाळिशीपुढच्या बायका घेऊन बघा. मधुमेहवाले वेगळे काढा. धूम्रपानवाले?" एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा वीस चाचण्या केल्या, तर औषधाऐवजी साखरेच्या गोळ्या दिल्या असल्या तरी निदान एक तरी 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. हे सांगितलं की सर खुलतात. "बघा! म्हणजे मिळेल."

सगळं थकलं की हुकमाचं पान. ०.०८ आलेली असते. "टू-टेल कशाला करता? वन-टेल करा, अर्धी होते." होते खरी, ०.०४ होते. पण औषधानं फायदाच होईल (वन-टेल) की तोटाही होऊ शकतो (टू-टेल), हा प्रश्न पेशंट गोळा करण्याआधी विचारायचा असतो, एवढं म्हणेपर्यंत सरांनी विद्यार्थ्याला पेढे आणायला पाठवलेलं असतं.

०.०४चा अर्थ सरांच्या लेखी सरळ आहे: औषध लागू पडण्याची शक्यता ९६ टक्के. मी म्हणतो, तसं नाही सर. औषधाचा काडीचा उपयोग नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात चार वेळा दिसेल, इतकंच. सर शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "तेच म्हणतोय मी."

कॉम्प्युटरनं ०.००० छापलं तर विचारूच नका. तो बिचारा तीन दशांश स्थळांपुढचं छापत नाही, म्हणून ते ०.००१पेक्षा कमी असं लिहायचं असतं. सर पोराच्या पाठीवर थाप मारतात: "चूक शून्य!" मग दोन हजार पेशंटांचं ब्लड प्रेशर सरासरी एकच मिलिमीटर उतरलेलं का असेना. तेवढा फरक पेशंटला जाणवत नाही, यंत्रालाही धड नाही; पण तक्त्यात त्या पी व्हॅल्यूपुढे तीन चांदण्या लागतात.

हा ०.०५ निसर्गानंच ठरवून दिलाय, अशी सरांची श्रद्धा. तो रूढ केला रोनाल्ड फिशरनं, १९२५च्या पुस्तकात, सोयीचा म्हणून. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेतांवर खतांचे प्रयोग तपासणारा हा माणूस. पुढच्याच वर्षी त्यानं लिहून ठेवलं, की विसात एक पुरेसं वाटत नसेल तर पन्नासात एक धरा, शंभरात एक धरा. २०१२मध्ये हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं सर्नच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची रेघ साधारण पस्तीस लाखांत एक इतकी कडक होती. सरांना सांगितलं. म्हणाले, "त्यांचे गाइड खडूस असणार."

अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१६मध्ये निवेदन काढलं, की एवढ्या एका रेघेवर निष्कर्ष काढू नका. २०१९मध्ये तर आठशेहून जास्त शास्त्रज्ञांनी, 'सिग्निफिकंट' हा शिक्काच मारणं थांबवा, या मागणीवर सह्या केल्या. मी ते छापून सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं.

"युनिव्हर्सिटीचं सर्क्युलर आहे का हे?"

"नाही."

"मग राहू दे." कागद उलटा करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर आकडा लिहिला. "ही नवी पोरगी. ०.०५१ आलीये. दोनच दशांश स्थळं लिहिली तर ०.०५ होते ना? आता 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा तेवढीच' लिहिलं, तर एक्झामिनर काय भिंग लावून बसणार आहे?"