बादलीत पास, लेथवर नापास

आमच्या भोसरीच्या शेडमधल्या जुन्या लेथला सर्व्हो आणि कंट्रोलर बसवून त्याचं सीएनसी करायचं ठरलं, तेव्हा मोटर, बॉलस्क्रू, ड्राइव्ह ही जोखमीची कामं जाणत्या मंडळींनी आपसांत वाटून घेतली. "सेन्सर अन् कनेक्टर तेवढे साहेब बघतील," असं म्हणून माझीही सोय लावली.

मी ते फारच मनावर घेतलं. एरवी औषधाच्या खोक्यातला कागदही न वाचणारा मी रात्री जागून कॅटलॉग वाचू लागलो. आयपी ६७ तर तोंडपाठ झालं. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी बिघडणार नाही. घरी कुणी विचारलं नाही तरी मी सांगत असे.

तपकीर गल्लीतल्या काउंटरवर जाऊन ऐटीत म्हणालो, "बारा एमएमचे प्रॉक्सी सेन्सर द्या. आयपी ६७."

"एनपीएन की पीएनपी?" दुकानदारानं मान वर न करताच विचारलं.

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. पुण्यात दुकानदाराला उलट शंका विचारण्याची माझी छाती नाही. "एनपीएन," मी म्हणालो. त्याने ते आधी उच्चारलं होतं, एवढाच आधार.

दिसायला दोघे सारखेच. तेच पितळी अंग, त्याच तपकिरी, निळ्या, काळ्या वायरी. तपकिरीला २४ व्होल्ट, निळीला शून्य आणि काळीवरून निरोप. फरक त्या निरोपातच आहे. समोर लोखंड आलं की पीएनपी काळ्या वायरवर २४ व्होल्ट पाठवतो, एनपीएन तीच वायर शून्याकडे ओढतो. आमच्या कंट्रोलरचं कार्ड २४ व्होल्टची वाट बघणारं. लग्नात सगोत्र चालत नाही, इथे सगोत्राशिवाय चालत नाही. सेन्सरच्या पाठीवरचा दिवा झकास लागायचा, कार्ड मात्र ढिम्म. दिवा लागतोय म्हणजे सेन्सर चोख, या हिशेबानं मी कार्डवाल्याला फोनवर बरंच सुनावलं. माणूस सभ्य होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, एनपीएन तर नाही ना आणला?"

पीएनपी आले. त्यांच्यासमोरून जाणारा डॉग, म्हणजे त्यांना चाळवणारा तुकडा, मी हौसेनं ॲल्युमिनियमचा करून घेतला. हलका, चकचकीत, गंजायची भीती नाही. कॅटलॉगमधलं दोन मिलिमीटरचं अंतर साध्या लोखंडासाठी असतं, ॲल्युमिनियमसमोर ते निम्म्याहूनही खाली येतं, ही ओळ त्याच पानावर तळाला होती. तळापर्यंत मी पोचलो नव्हतो. लेथवरच्या मामांनी भंगारातून साध्या लोखंडाची पट्टी उचलली, दोन भोकं मारली आणि काही न बोलता लावून टाकली.

सेन्सर मी तोंड वर करून बसवला होता. त्यावर एक निळसर, कुरळी चिप येऊन बसली आणि कॅरेज अर्ध्या वाटेत असतानाच मशीननं 'होम' जाहीर केलं. मामांनी सेन्सरचं तोंड आडवं केलं. आणि मी एनओ, म्हणजे एरवी तुटलेली, लावलेली लिमिट त्यांनी एनसी, म्हणजे एरवी जोडलेली, करून घेतली. "वायर तुटली तर मशीन थांबलं पाहिजे साहेब, पळत सुटायला नको."

पण कनेक्टरमध्ये माझा हात कुणी धरू शकणार नव्हतं. 'एव्हिएशन प्लग' म्हणून मिळतात ते रुबाबदार गोल प्लग मी सील नाही म्हणून बाणेदारपणे नाकारले होते. एम १२ चे घेतले, चार पिनांचे, ओ-रिंगवाले. जोडून बादलीत बुडवले आणि अर्धा तास शेजारी खुर्ची टाकून बसलो. चहावाल्या पोरालाही थांबवून दाखवलं. बाहेर काढून उघडले तर आत कोरडे ठणठणीत!

लेथ चालू झाला आणि काही दिवसांत सिग्नल मधूनच गुल व्हायला लागला. कनेक्टर उघडला, तर पिनांभोवती पांढरट कुलंट. नट घट्ट, ओ-रिंग शाबूत. मी आयपी ६७ ला जाहीर शिव्या देत असताना मामांचं बोट केबलवरून मागे मागे सरकत गेलं आणि बेडच्या मागे थांबलं. केबल आखूड पडली म्हणून तिथे मी जोड मारला होता आणि वर काळी टेप गुंडाळली होती. टेप आता बोटाला चिकटून सुटत होती. तिथून शिरलेलं कुलंट वायरच्या बारीक तारांमधल्या फटींतून, आवरणाच्या आतल्या आत सरकत, थेट माझ्या सीलबंद कनेक्टरच्या पोटात गेलं होतं. सील बाहेरच्यासाठी, आतून येणाऱ्याला कोण अडवणार? पीव्हीसीचं आवरणही कुलंटनं कडक व्हायला लागलं होतं. पीयूआरच्या आवरणाची केबल महाग म्हणून मीच नको म्हणालो होतो.

आता अखंड पीयूआर केबल आहे, बिनजोडाची. कनेक्टरच्या अलीकडे मामांनी तिला खाली झोळ दिलाय. ओघळ तिथूनच ठिबकतो.

परवा शेजारच्या शेडचे मालक त्यांच्या मिलिंगचं असंच करायचंय म्हणून विचारायला आले. मी त्यांना आयपी ६७ पासून सगोत्रापर्यंत सगळं समजावलं, उरलेले एनपीएन निम्म्या भावात देऊ केले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि जाताना मामांचा नंबर घेतला.