अण्णा, तुमचा खोका घेऊन इकडे या

सॅन होजे, कॅलिफोर्निया
खंडेनवमी

तीर्थरूप अण्णा व आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ नाही, हे अण्णांनी पाहिलं असेलच. आईसाठी तो पाकिटाच्या आतल्या बाजूला घातलाय.

अण्णा, तुमचा तो चमत्कारांचा खोका अजून माळ्यावर आहे ना? चाकूला मिथाइल ऑरेंज लावून लिंबातून ‘रक्त’ काढायचं, नारळाच्या शेंडीत सोडियम दडवून वरून ‘तीर्थ’ शिंपडायचं आणि भडका उडाला की पोरांना विचारायचं, ‘सांगा, कोणाची करणी?’ लोहा-कंधारकडच्या खेड्यांतून तुम्ही तो खोका सायकलला बांधून हिंडवलात. आता एकदा इकडे आणा. इथली मंडळी कॉम्प्युटरची चिप बनवतात, पण त्यांची दृष्ट काढायची वेळ आलीय.

इथला पहिला दंडक म्हणजे शुक्रवारी नवा कोड चालू करायचा नाही. मुळात कारण रास्त आहे. बिघडलं तर शनिवार-रविवारी निस्तरायला कोणी नसतं. पण परवा एकानं शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावरचं नुसतं एक स्पेलिंग सुधारायला घेतलं, तर चौघं जण त्याचा हात धरायला धावले. कारण कधीच मागं पडलं, सोवळं तेवढं उरलं.

आमच्या लॅबमध्ये सर्व्हरच्या कपाटावर हिरव्या रंगाचा एक पुडा ठेवलेला असतो. त्यात मक्याचे कुरकुरे असतात, नारळाच्या स्वादाचे. नाव ‘कुआइ कुआइ’, म्हणजे ‘शहाण्या बाळासारखं वाग’. तैवानमध्ये यंत्रांपुढं हा पुडा ठेवायची रीतच आहे. तो हिरवाच लागतो, कारण यंत्राचा दिवा हिरवा राहायला हवा; पिवळा किंवा लाल पुडा ठेवला तर संकट ओढवलं म्हणून समजा. तो कोणी खायचा नाही आणि त्याची मुदतही संपू द्यायची नाही. आमची तैवानची सहकारी महिन्याच्या महिन्याला पाठीमागची तारीख वाचते, नवा पुडा ठेवते, तोंड नीट पुढं वळवते आणि हात न जोडता जराशी थांबते. तिची पीएच.डी. इलेक्ट्रॉनिक्समधली आहे. मी म्हटलं, ‘आमच्यात नारळ फोडतात.’ तर म्हणाली, ‘मग पुढच्या वेळी तू पण आण.’

आणि हे काही आजचं नाही. एमआयटीच्या एआय लॅबमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या कपाटावर कोणीतरी एक बटण बसवलं होतं. एका बाजूला लिहिलेलं ‘जादू’, दुसऱ्या बाजूला ‘जास्त जादू’. उघडून पाहिलं तर बटणाला एकच तार! एका तारेच्या बटणानं काय होणार, असं म्हणून ‘जास्त जादू’वरून ते ‘जादू’वर आणलं, तर कॉम्प्युटर तिथल्या तिथं बंद पडला. गाय स्टील या संगणकशास्त्रज्ञानं हा किस्सा लिहून ठेवलाय. अण्णा, तुम्ही म्हणाल अर्थिंगचा घोळ असणार. असेलही. पण बटण शेवटी ‘जास्त जादू’वरच ठेवलं की हो!

चंद्राचं सांगू? इथल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची चंद्रासाठीच्या मालिकेतली पहिली सहा ‘रेंजर’ यानं एकामागून एक फसली. 1964 च्या जुलैत सातव्या वेळी कोणीतरी खोलीत शेंगदाणे वाटले आणि ‘रेंजर 7’नं चंद्राचे चार हजारांवर फोटो धाडले. तेव्हापासून प्रत्येक मोहिमेला शेंगदाणे ठरलेले. चंद्रयान-3 सुटण्याआधी आपले इस्रोवाले यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र आपटलं होतं. निदान त्यांच्या प्रसादाचा लाडू तरी गोड असतो.

मला यातून लातूर आठवतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मामंजींनी पाणाड्याला बोलावलं होतं. तो तळहातावर आडवा नारळ धरून रानभर फिरला. नारळ उभा राहिला तिथं बोअर घेतला आणि नुसता फुफाटा वर आला. तुम्ही चिडलात, मामंजी म्हणाले, ‘मग काय करूलालात सांगा, जमिनीच्या आत तुम्हाला दिसतंय का?’ त्यांचं तरी काय चुकलं? पोटाशी गाठ असते आणि आतलं दिसत नसतं, तिथं माणूस हाताला लागेल ते धरतो. लाखो ओळींचा कोड आणि लातूरचा खडक, दोन्ही सारखेच अपारदर्शक. 1948 साली स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांना ठराविक वेळानं आपोआप दाणे मिळतील असं यंत्र लावलं. दाणा पडला तेव्हा जे कबुतर गिरकी घेत होतं, ते पुढं गिरक्याच घेत राहिलं. तुमचे जावई वाय-फाय गेलं की राउटर बंद करून मनात वीस अंक मोजतात. एकोणीसला चालू केलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमची खरी परीक्षा. 2023 मध्ये गूगलच्या संशोधकांना आढळलं की एआयला गणित घालताना ‘दीर्घ श्वास घे आणि एकेक पायरीनं सोडव’ असं सांगितलं की उत्तरं जास्त बरोबर येतात. ज्याला फुफ्फुसंच नाहीत त्याला श्वास घ्यायला सांगायचं, आणि मोजून पाहिलं तर गुण लागू! तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येकाचा मंत्र वेगळा. कोणी विनवण्या करतं, कोणी धमकी देतं, कोणी ‘माझी नोकरी जाईल’ म्हणून रडतं. तेही लागू पडतं का, हे मात्र आमच्यात कोणी मोजत नाही.

तुमची कसोटी मी विसरलेली नाही: पैसे कोणी घेतले, आणि त्यापायी खरा इलाज राहिला का? अंधश्रद्धा निर्मूलनाचे दाभोलकर गेल्यावर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, त्याखालचा पहिला गुन्हा आपल्या नांदेडातच नोंदला गेला. तोही असाध्य रोग चमत्कारानं बरे करतो म्हणणाऱ्यांवर. त्या कसोटीला आमचा हिरवा पुडा निर्दोष सुटतो. पुडा ठेवणारी बाई बॅकअपही रोज घेते. ‘एआय लावा, नफा दुप्पट होईल’ असं सांगून कंपन्यांकडून फी उकळणाऱ्या सल्लागारांसाठी मात्र तुमचा खोका लागेल.

आई, तू सांगितल्याप्रमाणं आज लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. अक्षता तेवढ्या यापुढं जमणार नाहीत. एक दाणा स्पेसबारखाली गेला आणि सकाळपासून सगळे शब्द एकमेकांना चिकटून येतायत. हे पत्र म्हणूनच हातानं लिहिलंय.

तुमची,
ताई

ता. क. पुढच्या महिन्यात आमची मोठी रिलीज आहे. शेंगदाण्याची चटणी पाठवा. ऑफिसात ॲलर्जीपायी शेंगदाण्याला बंदी आहे, म्हणून त्या दिवशी घरूनच काम करीन. लिंबं पाठवू नका, कस्टमवाले सोडत नाहीत. आणि अण्णा, हसू नका. आधी सगळ्या तपासण्या होणार आहेत, चटणी त्यानंतर.