ढवळाढवळ

कोमागाटाइबॅक्टर झायलिनस. नावाला जीभ अडखळते, पण जंतू मोठा शांत स्वभावाचा. साखरेच्या पाण्यात जरा पोषण घालून त्याला सोडावं, ऊब ३० अंशांच्या आसपास ठेवावी आणि मग कृपा करून त्याच्या वाटेला जाऊ नये. काही दिवसांत वर सायीसारखा थर धरतो. हा थर म्हणजे सेल्युलोज. कापसात असतं तेच, फक्त धागे कितीतरी बारीक. ओल्या थरात जवळजवळ ९९ टक्के पाणीच. व्हिनेगरवरचा असा थर तपासून तो सेल्युलोजचा असल्याचं एड्रियन ब्राउन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली सांगितलं.

फिलिपीन्समध्ये नारळाच्या पाण्यात साखर आणि थोडं आम्ल घालून उथळ तबकांत हा थर वाढवतात, त्याचे तुकडे पाकात मुरवतात आणि 'नाता दे कोको' म्हणून खातात. तबकं मात्र हलवायची नाहीत. १९८९ मध्ये सोनीने आपल्या एका महागड्या हेडफोनचे पडदे याच सेल्युलोजचे केले. एकाच जंतूचं विणकाम कुणी चमच्याने खाल्लं, कुणी कानाला लावलं.

पण तबकांना जागा फार लागते आणि वाट पाहावी लागते. या दोन्ही गोष्टी कारखानदाराला सोसत नाहीत. म्हणून आला बायोरिअ‍ॅक्टर: स्टीलची टाकी, खालून हवेचे बुडबुडे, मध्ये गरगरणारी पाती. जंतूला ऑक्सिजन लागतो, तो भरपूर दिला. हिशेब चोख होता. झालं काय, तर थराऐवजी गोळे आणि गुठळ्या. द्रव दाटला, हवा पोचेना, म्हणून पाती आणखी जोरात फिरवली. तेवढ्यात काही जंतूंनी विणणंच सोडून दिलं! एका परीने त्यांचंही बरोबर होतं. थर विणायचा तो पृष्ठभागावर, हवेपाशी राहायला मिळावं म्हणून. हवा घरपोच मिळत असेल तर विणायचं कुणासाठी? न विणणारे सगळी साखर वंशवृद्धीवर खर्चतात आणि बघता बघता टाकीत त्यांचं बहुमत होतं. (हे मी कुठल्याही संस्थेला उद्देशून लिहीत नाही.)

मग तंत्रज्ञांनीच नमतं घेतलं. काहींनी पाती काढून नुसत्या बुडबुड्यांवर भागवलं. काहींनी अर्ध्या बुडालेल्या चकत्या आडव्या दांड्यावर बसवल्या. त्या संथ फिरतात, जंतू आळीपाळीने साखर आणि हवा घेतात आणि चकतीवर थर चढतो. चकत्या किती वेगाने फिरवाव्यात यावर शोधनिबंध निघतात. माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण मी कमीत कमीच म्हणेन.