सातनंतरचे जादा पैसे

आमच्या घरात मुंबई सोडायचा ठराव दर पावसाळ्यात मांडला जातो. सूचक नवरा, अनुमोदक मी. खरं तर आम्ही मुंबईत राहतच नाही, डोंबिवलीत राहतो. पण मुंबई सोडायच्या गप्पा मुंबईत न राहणारेच जास्त मारतात. माझं ऑफिस फोर्टात, नवऱ्याचं ऐरोलीला, आणि सहा वर्षांचे चिरंजीव शाळा सुटली की पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या पाळणाघरात. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की तिघं तीन बेटांवर.

"आपण गावी जाऊ या," हे नवरा अशाच रात्री ओले मोजे पिळता पिळता म्हणतो. गाव म्हणजे चिपळूण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आकडा सासऱ्यांना तोंडपाठ आहे आणि तो सांगून झाला की ते "तुम्ही इकडेच या" म्हणतात. मग जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि सासऱ्यांनाच माळ्यावर बसून रात्र काढावी लागली. त्या वर्षी ठराव आपोआप बारगळला. पाण्याला भिऊन पळायचं तर डोंबिवलीत निदान आमचा तिसरा मजला तरी आहे.

नवरा रीतसर माणूस. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. रकाने असे: घरभाडं, शाळा, हवा, नोकरी. पुण्याची ओळ हिंजवडीचा चौक एकदा संध्याकाळी बघून आल्यावर त्याने काही न बोलता पुसली. नाशिकला हवेत चांगले गुण मिळाले. कोल्हापूरला जेवणात पैकीच्या पैकी, जेवणाचा रकाना खास त्यासाठी वाढवला होता. नोकरीच्या रकान्यात मात्र त्याने लिहिलं, ‘दोघांपैकी एकाला नक्की’. तो एक कोण, याचा रकाना तक्त्यात नव्हता. मला तो दिसत होता. सासूबाईंनाही दिसला असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "बरं होईल, तुलाही जरा विश्रांती."

विश्रांतीची चव मी घेतलेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही गावी होतो. नेटवर्क यायचं ते फक्त गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलं तरच. साहेबांचा आग्रह कॅमेरा चालू ठेवायचा, म्हणून मागे एक चादर टांगली. एकदा महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आमची गाय हंबरली, आणि सगळ्यांनी एकमुखाने सेल्सच्या माणसाला म्यूट व्हायला सांगितलं. मी सत्य सांगितलं नाही, त्याचं प्रमोशन अडलं असल्यास क्षमस्व. हवा सुंदर, मासळी ताजी, पोरगं दिवसभर आंब्याखाली. पण लोकल नाही, गर्दी नाही, प्रवास शून्य, तरी मी लॅपटॉप मिटायची रात्री नऊलाच! प्रवासाचे वाचलेले तीन तास ऑफिसने परस्पर उचलले होते. तेव्हापासून माझा मुंबईवरचा राग बराच कमी झाला. मुंबई तीन तास घेते हे खरं, पण त्या तीन तासांत बायकांच्या डब्यात भाजी निवडून होते, नवरात्रात भोंडला होतो आणि मुख्य म्हणजे ठाण्याच्या खाडीवर साहेबांचा फोन कट होतो.

दुसरा धडा नातेवाइकांचा. पाळणाघराच्या काकू सातनंतर दर अर्ध्या तासाला पन्नास रुपये जादा घेतात. गाडी विद्याविहारला अडकली म्हणून आईचं काळीज दगडाचं आहे, असं त्या म्हणत नाहीत. वहीत पन्नास लिहितात आणि मुलाला भात भरवतात. गावी मूल सांभाळायला चुलत सासूबाई, आत्या, शेजारची माई सगळ्या हौसेने तयार. पैशाचं नाव काढलं तर रुसतील. इथेच घोळ आहे. पन्नास रुपये महिनाअखेर फिटतात. "तुझी आई मीटिंगमध्ये होती ना, तेव्हा तुला मी वाढवला" हे त्याच्या लग्नाच्या मांडवात ऐकावं लागतं.

सरकारने आमचा विचार केलेला नाही असं नाही. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आमच्या ऑफिसातही तशी पाटी लागली. आत मोडके प्रिंटर आहेत. पण समजा तिथे खरोखर पाळणे असते, तरी डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दोन वर्षांचं मूल घेऊन चढणारी आई कायदा करणाऱ्यांनी एकदा तरी डोळ्यांपुढे आणायला हवी होती. तिथे स्वतःची ओढणी स्वतःबरोबर उतरेल याची खात्री नसते.

तेव्हा माझं मत असं: ज्या जोडप्याला लहान गावात दोघांनाही नोकरी मिळते, साडेपाचला सुटका होते आणि शाळा चालत जायच्या अंतरावर आहे, त्यांनी कोणालाही न विचारता टेम्पो बोलवावा. बाकीच्यांनी शहर बदलण्याआधी घड्याळाकडे बघावं. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने मुंबईतल्या कार्यालयांना कामाच्या वेळा मागेपुढे करायची विनंती केली होती. आमच्या ऑफिसने त्यावर विचार करायला मीटिंग बोलावली. संध्याकाळी सहाला.

म्हणून समस्त साहेब मंडळींना हात जोडून विनंती, पाचनंतर मीटिंग लावू नका. काकूंची वही भरत आली आहे.