फाईल आहे, पण देईनात

पूर्णेवर वरच्या अंगाला येलदरी, खाली आमचं सिद्धेश्वर. कालवा आमच्याकडून सुटतो, आणि अण्णांची हयात त्या कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. मी घरी बसून जावा भाषेत प्रोग्रॅम लिहितो, म्हणजे त्यांच्या लेखी बसूनच असतो.

परवा पडद्यावर लाल अक्षरं उमटली. "काय म्हनतंय?"

"फाइल नॉट फाउंड एक्सेप्शन. फाईल सापडत नाही."

"म्हंजे हाय, पन देईनात."

हसू नका. फाईल नसली की हा एक्सेप्शन येतोच. पण ती जागेवर असून वाचायची परवानगी नसली, किंवा फाईल समजून आपण फोल्डरच पुढे केला, तरी तो याच नावाने येतो. खरं कारण पुढे कंसात असतं. तिथवर पोचायच्या आत माणूस फाईलला शिव्या घालून मोकळा होतो.

फाईल नसली तर काय कराल, हे जावा आधीच विचारते. उत्तराशिवाय कोड कंपाइल होत नाही. त्यावर आमच्या जमातीचा तोडगा म्हणजे रिकामा कॅच: चूक पकडायची आणि ब्र काढायचा नाही. प्रोग्रॅम हसतमुखाने पुढे जातो आणि पगारपत्रकात सगळ्यांना शून्य रुपये देतो.

उघडलेली फाईल बंद करणं हा आणखी वेगळा जाच. पूर्वी ते 'फायनली' या शेवटच्या भागात करायचं. पण बंद करतानाही चूक होऊ शकते, म्हणून तिथे पुन्हा ट्राय. ब्रशने दात घासून ब्रश धुवायचा, मग बेसिन धुवायचं, अशी गत. जावाच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, घडवणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच लिहून ठेवलंय की 'जावा पझलर्स' या पुस्तकाच्या 88व्या पानावर आपलं हे चुकलं आणि कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. 2007 साली खुद्द जावाच्या संचातही 'क्लोज'चे दोन तृतीयांश वापर चुकीचेच होते. शेवटी 2011 मध्ये जावा 7 ने ट्राय-विथ-रिसोर्सेस आणलं: उघडतानाच कंसात नोंद करा, मधे काही बिनसलं तरी जावा स्वतः बंद करील, शेवटी उघडलेलं आधी.

हे मी अण्णांना समजावलं.

"पानीपाळी सोडतानाच बंद करायचा दिवस आमी वहीत लिहीत होतो," ते म्हणाले. "बरं, रात्रीतून कुनी दार उचकलं तर?"

"परवानगी नसली की एक्सेप्शन येतो. काम तिथंच थांबतं."

"अन् थांबवनाऱ्याशी भांडायला कोन येतं?"

"कुणीच नाही."

"मग पगार कशाचा घेतोस रे?"