अनावृत पत्र: श्री. देखभाल शुल्क यांस

प्रेषक: कलम ११, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम
प्रति: श्री. देखभाल शुल्क (पूर्वाश्रमीचे भाडे), मु. कोन, ता. पनवेल, नवी मुंबईच्या वेशीवर
विषय: वाढीचा लगाम कोणाच्या हाती?



एमएमआरडीएची भाडेतत्त्वावरील घरांची योजना २००८ ची. घर १६० चौरस फुटांचे, भाडे महिना ८०० ते १५०० रुपये. विकासकाने घरे बांधून द्यायची, मोबदल्यात वाढीव चटईक्षेत्र घ्यायचे. पुढे भाडेकरूंचा विचार मागे पडला. कोनला दोन-दोन घरे जोडून ३२० चौरस फुटांची २४१७ घरे झाली आणि म्हाडाच्या २०१६ च्या सोडतीत ती गिरणी कामगार व त्यांच्या वारसांना ६ लाखांत देण्यात आली. ताबा मिळेपर्यंत कित्येकांची सत्तरी उलटली. दरम्यान करोना रुग्णांनी तिथे मुक्काम करून घेतला. अखेर किल्ली आली ती वर्षाला ४२ हजारांच्या देखभाल शुल्कासह, म्हणजे महिना साडेतीन हजार. दोन्ही घरांचे मूळचे कमाल भाडे धरले तरी ते तीन हजारच भरते. भाडे गेले, पण भाड्याहून जास्त रक्कम मागे ठेवून गेले.

सदर कलमाने याला आवर घालावा, तर त्याचा हात तिथवर पोचत नाही. हे कलम घरमालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करू देते. पण शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणांच्या जागा कलम ३ ने आधीच कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. चाळीचा खासगी मालक संशयित, सरकारी मालक मात्र जन्मजात सज्जन! कोनच्या रहिवाशांची गत आणखी न्यारी. घर स्वतःचे, म्हणून भाड्याचा कायदा नाही. सोसायटी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत खर्चाचा आकडा मात्र दुसऱ्याचा.

मर्यादा घालता येतच नाही, असेही नाही. केंद्राच्या २०२० च्या परवडणाऱ्या भाडे संकुल योजनेत दर दोन वर्षांनी ८ टक्के आणि पाच वर्षांत एकूण २० टक्के ही वाढीची सीमा आहे. इंग्लंडमध्ये सामाजिक घरे नगरपालिकांची वा गृहसंस्थांची. वाढीची मर्यादा सरकार ठरवते आणि ती पाळली जाते का, हे स्वतंत्र नियामक बघतो. महागाई दोन अंकी झाल्यावर २०२३ मध्ये ही मर्यादा ७ टक्क्यांवर आणली गेली.

महाराष्ट्रात आकारणारा, वाढवणारा आणि तक्रार ऐकणारा बहुधा एकाच इमारतीत बसतो. तेव्हा शुल्काचा तपशील, म्हणजे लिफ्ट, पाणी, पहारेकरी, बिगरशेती कर, रहिवाशांसमोर ठेवून त्रयस्थ प्राधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावा आणि तोवर वसुली थांबवावी, ही विनंती.

कळावे,
कलम ११ (अधिकारक्षेत्राबाहेर)